परतीचा आहेर

जळोचीला खोल्या बघायला आम्ही नवराबायको गेलो, तेव्हा घरमालकांचा पहिला प्रश्न होता, "रविवारी काय करता?"

मी तेव्हा एका दूध डेअरीच्या हिशेब खात्यात नव्याने लागलो होतो. "काही नाही, घरीच असतो," असं मी खरं ते सांगून टाकलं.

"मग जमलं," ते म्हणाले. "भाडं बाजारात चाललंय तेच. पर होळी झाली की पाऊस लागेस्तवर रविवार माझा."

"रविवार तुमचा म्हणजे?" माझ्या बायकोने विचारलं.

"हरणांना पाणी पाजाय जायाचं. तुमी बी या, सूनबाई. डबा घिऊन."

भाडेकरार मी सहीआधी दोनदा वाचला होता. त्यात असं काही नव्हतं. पण खोल्या हवेशीर होत्या, नळाला पाणी होतं आणि म्हाताऱ्याच्या तोंडावर 'नाही' म्हणणं मला जमलं नाही. माझ्यासारखंच वरच्या मजल्यावरच्या कंपाउंडरलाही जमलं नव्हतं, शेजारच्या बँकवाल्यालाही नाही. अशी आम्ही चार बिऱ्हाडं होतो. वनखात्याच्या दफ्तरी आमची नोंद 'स्वयंसेवकांचा गट' अशी होती. खरं म्हणजे आम्ही आबांचे भाडेकरू होतो.

त्यांना सगळे आबाच म्हणायचे. कळंबला त्यांची बागायत होती. ऊस, डाळिंब, विहीर, शेततळं, सगळं. ते सगळं मुलाच्या ताब्यात देऊन आबा जळोचीत स्वतःच बांधलेल्या घराच्या खालच्या खोलीत एकटे राहत. बायको गेल्यावर ते इकडे आले. कारण विचारलं की म्हणायचे, "एका घरात दोन मालक कशाला?"

अभयारण्य म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे दाट झाडी येते. आमचं तसं नाही. इंदापूरच्या कोरड्या बाजूला गुडघाभर गवताचा माळ, मधूनमधून बाभळी, बोरी, खडक, आणि वर नुसतं आभाळ. त्यात चिंकारा राहतात. अंगाने शेळीएवढी, मातकट रंगाची हरणं. ससे, खोकड, क्वचित लांडगा. उन्हाळ्यात ओढे आटतात, तेव्हा वनखात्याने बांधलेले बशीसारखे उथळ पाणवठे टँकरने भरावे लागतात. खात्याची माणसं कमी, माळ मोठा. म्हणून आमचे रविवार.

माळात शिरण्याआधी आबा आमची झडती घ्यायचे. खिशांची नव्हे, वासाची. एकेकाच्या खांद्याशी नाक नेऊन हुंगायचे. कंपाउंडरला डोक्याला सुगंधी तेल लावायची सवय होती. त्याला आबांनी पहिल्या दिवशी टँकरच्या नळाखाली डोकं धुवायला लावलं. "हरणाला वाटंल, मोगऱ्याचा गजरा चालत आलाय," म्हणाले. पांढरे कपडे चालत नसत, कारण ते लांबून दिसतात. गंमत अशी की आबांकडे पांढऱ्याशिवाय दुसरे कपडेच नव्हते. ते धोतर-सदऱ्यावर तपकिरी रंगाची जुनी सोलापुरी चादर गुंडाळायचे. वैशाखाच्या उन्हात चादर पांघरून ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसलेला हा माणूस पाहून रस्त्यावरचे लोक विचारायचे, "आबा, ताप भरलाय का?"

"व्हय," आबा म्हणायचे. "तुमी बी या, उतरंल."

पाणवठा भरायच्या आधी घासायचा, शेवाळ काढायचं, मग पाणी सोडायचं. कडेचा उतार बरोबर आहे की नाही, हे आबा स्वतः तपासायचे. तपासायचे म्हणजे दोन्ही हातपाय जमिनीला टेकून, हनुवटी कडेला लावून. सत्तरी ओलांडलेला बागायतदार, चादर पाठीवर, पाण्याच्या कडेला रांगतोय. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा धावत गेलो, वाटलं, पडले.

"उठवू नगा," त्यांनी खालूनच सांगितलं. "ससा झालोय. सशाला हितनं पाणी पोचतंय का बघतोय."

पाणी भरलं की आबा लगेच पाठ फिरवून चालायला लागायचे. आम्हालाही थांबू द्यायचे नाहीत. कंपाउंडर मोबाइल काढून हरणं यायची वाट बघत बसला की ते त्याची मान धरून वळवायचे. "तुझ्या घरी कुणी जेवताना खिडकीतनं बघत बसलं तर चालंल का तुला?" त्यामुळे आमचा पहिला सगळा उन्हाळा हरणांना पाणी पाजण्यात गेला आणि हरीण काही नीट दिसलं नाही. बायको म्हणायची, "देव बरा, त्याचं निदान दर्शन तरी होतं."

पुण्याकडून सुट्टीला गाड्या येत. एकदा एका गाडीतून मुलांनी बिस्किटं टाकली, कागदही टाकले. आबांनी ते सगळे कागद वेचले, चुरगळलेले हाताने सरळ केले, गाडी फाटकाशी थांबली तेव्हा काचेवर टकटक केलं आणि अतिशय आदराने आत दिले. "तुमचं राहिलं हुतं." गाडीतल्या बाईंनी थँक्यू म्हणून घेतले. नंतर त्यांना कळलं असावं, कारण थोडं पुढे जाऊन गाडी थांबली आणि मुलांना बहुतेक ओरडा बसला.

मी हिशेबाचा माणूस. एकदा मी आबांना मांडून दाखवलं की आपण ओततो त्यातलं बरंचसं पाणी उन्हाने आणि वाऱ्यानेच उडून जातं. पाणवठ्यावर थोडी सावली केली तर टँकरच्या फेऱ्या वाचतील. त्यांनी आकडे लक्ष देऊन ऐकले. मग म्हणाले, "वाऱ्याला बी तहान लागती की."

पण पुढच्या रविवारी पाणवठ्याच्या एका बाजूला कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा छोटा मांडव उभा होता. कोणी केला, ते त्यांनी सांगितलं नाही.

हे सगळं ते का करतात, याचं उत्तर ते माणूस बघून द्यायचे. माळावरच्या वनरक्षक मॅडमना सांगितलं होतं, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. कंपाउंडरला सांगितलं, गेल्या जन्मी मी हरीण हुतो आणि तू कुत्रं. मी खूपदा विचारल्यावर एकदा म्हणाले, "कॅनॉल आमच्या बाजूला आला. त्यांच्या बाजूला न्हाय गेला. एवढाच फरक हाय, हिशेबनीस."

मला ते अजूनही हिशेबनीसच म्हणतात.

ट्रॅक्टर आणि टँकर कळंबच्या शेतावरचे होते आणि तिथेच सगळं घोडं अडायचं. मुलगा दत्ता दर महिन्याला एकदा जळोचीला यायचा. अंगणात उभ्या उभ्या बापलेकांचं बोलणं व्हायचं, ते चारही बिऱ्हाडांना ऐकू जायचं.

"आबा, रविवारी ट्रॅक्टर लागतोय. डाळिंबाला फवारणी हाय."

"सोमवारी कर."

"सोमवारी रोग थांबतोय व्हय? लोकं हसत्यात. म्हणत्यात, बाप माळाला पाणी घालतोय, पोरगं उसाला घालतंय. हरणं काय मत देणार हायेत का तुमाला?"

"तू तरी कुठं देतोस?"

दत्ता मोटारसायकलला लाथ मारून निघून जायचा. रविवारी सकाळी ट्रॅक्टर मात्र यायचा. गडी घेऊन यायचा, दत्ता कधीच नाही. डाळिंबाच्या हंगामात त्याच गड्याबरोबर एक क्रेट यायचं, निरोप-बिरोप काही नसायचा. आबा ते जागेवरच आमच्यात वाटून टाकायचे. "आंबट असत्याल," म्हणायचे. एकदा मी भाडं द्यायला अवेळी खाली गेलो, तर आबा दार लोटून एक डाळिंब दाणा दाणा करून खात होते. मला बघून म्हणाले, "डाग पडलेलं हुतं. वाटाय कसं देणार?"

आबांना पंच्याहत्तरावं लागणार होतं, त्या पावसाळ्यात दत्ता एका संध्याकाळी चोरासारखा आमच्या दारात आला. आबा देवळात गेले होते. तो आत येऊन बसला, चहा घेतला आणि पहिल्यांदाच आमच्याशी नीट बोलला.

"पंच्याहत्तरी करतोय. त्यांना सांगू नका. मंगल कार्यालयात केलं तर येणार न्हाईत, मला म्हाईत हाय. म्हणून त्यांच्या माळावरच करतोय. अभयारण्याला लागून वाडीचं गायरान हाय ना, त्या उतारावर पंच्याहत्तर झाडं लावायची. सरपंचांशी बोललोय. जेसीबी सांगितलाय. ठिबक माझं." मग कपात बघत म्हणाला, "त्यांचं काम हाय. आपण बी हात लावावा म्हणलं."

बायकोचे डोळे भरून आले. कंपाउंडरने टाळी दिली. मलाही ही कल्पना उत्तम वाटली. आमच्या भागात मोकळी जमीन म्हणजे पाणी न पोहोचलेली जमीन. पाणी पोहोचलं की ती भरायची, एवढंच आम्ही पिढ्यान्‌पिढ्या शिकलोय. गवत हेही काही असतं, हे बागायतीत वाढलेल्या आम्हाला सुचणार कुठून?

पंच्याहत्तरीच्या दिवशी गायरानावर छोटा मांडव पडला होता. मसालेभात, जिलबी, माइक. वाडीचं झाडून सगळं गाव आणि कळंबची भावकी हजर. पुरुष सगळे पांढऱ्याशुभ्र कपड्यांत. एका बाजूला काळ्या पिशव्यांतली रोपं ओळीने मांडलेली: वड, पिंपळ, कडुनिंब, चिंच, गुलमोहर. जेसीबीने उतारावर पहिली ओळ उकरून ठेवली होती आणि ड्रायव्हर चहा पीत बसला होता.

"पाणवठा फुटलाय," अशी थाप मारून कंपाउंडर आबांना घेऊन आला. आबा चादर गुंडाळून उतरले आणि जागीच उभे राहिले. त्यांनी मांडव पाहिला, माइक पाहिला, रोपं पाहिली. मग ते खड्डे पाहिले. मला वाटलं, आता फुटणार.

माझ्या शेजारी वनरक्षक मॅडम उभ्या होत्या. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "याच उतारावर माद्या पाडसं लपवतात. चिंकाराला मोकळं लागतं, लांबचं दिसलं पाहिजे. झाडं वाढली की हे गवत जाईल, आडोशाला कुत्री बसतील. माद्या ही जागा सोडतील."

"मग तुम्ही सांगा ना."

"सरपंचांना सांगितलं होतं. जमीन पंचायतीची, मी सल्लाच देऊ शकते. ते म्हणाले, मॅडम, झाड लावायला कोण नको म्हणतं का?"

एवढ्यात दत्ता पुढे आला. नवा सदरा, कपाळाला गंध. त्याने वाकून आबांच्या पायाला हात लावला. "आबा, तुमचंच काम हाय. आमी बी थोडं पुढं न्यावं म्हणलं."

आबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो हात तिथे बराच वेळ राहिला. ज्यांना माहीत नव्हतं त्यांना वाटलं, म्हातारा गहिवरला. गहिवरले होतेच, पण मी त्यांच्यासोबत इतके उन्हाळे काढले होते की मला दुसरंही दिसत होतं. आता 'नको' म्हणावं तर लेक सगळ्या भावकीसमोर तोंडावर पडणार. इतक्या वर्षांनी एक पाऊल चालत आलाय, तो परत यायचा नाही. आणि 'हो' म्हणावं तर उतार गेला.

आबा खड्ड्यांपाशी गेले. उपटून उलटं पडलेलं गवताचं एक ढेकूळ त्यांनी उचललं, सुलटं केलं आणि पुन्हा खाली ठेवलं. इकडे सरपंचांनी भाषण उरकलं. ड्रायव्हर जेसीबीकडे चालायला लागला. दत्ताने आबांच्या हातात माइक दिला. "दोन शब्द बोला."

आबांनी माइकवर फुंकर मारली. "माझ्या पोरानं आज मला आहेर केला," ते म्हणाले. "आजवर मी मागितला न्हाय आन् त्यानं दिला न्हाय. डाळिंबं सोडून."

लोक हसले. दत्ताही हसला.

"हा आहेर मी घेतला." ते रोपांच्या ओळीशी गेले आणि पहिल्या वडाला हात लावून तो कपाळाला लावला. "घेतला का न्हाय? सगळ्यांनी बघितलं?"

"बघितलं!"

"मग आता ही झाडं कुणाची?"

"आबांची!"

"माझी. बरं. मला सांगा, घरात कार्य असल्यावर आल्याल्या पाव्हण्यांना रिकाम्या हातानं लावून देत्यात का आपल्यात?"

"न्हाय!" बायकांच्या बाजूने मोठा आवाज आला.

"मग या पुढं. एकेक जण या. हा माझा परतीचा आहेर. घरटी एक झाड. ज्याच्या दारात, बांधावर, शाळंत जागा हाय तितं लावा. सूनबाई, ते ताट आण हिकडं."

माझी बायको हळदीकुंकवाचं ताट घेऊन धावली. आबा प्रत्येक रोपाच्या पिशवीला कुंकवाचं बोट लावून हातात देऊ लागले. आहेर म्हणून दिलेली वस्तू आपल्याकडे परत करता येत नाही. सरपंचांना वड मिळाला. "पंचायतीच्या दारात लावा. पुढच्या निवडणुकीला सावली हुईल." सरपंचांनी तो कडेवर घेतला. कंपाउंडरला पिंपळ आला. तो म्हणाला, "आबा, माझ्याकडं नुसती गॅलरी हाय." "मग सासुरवाडीला लाव." आम्हाला चिंच मिळाली. भावकीतल्या बायका रोपं पदराखाली धरून आपसात बोलत होत्या, कोणाचं मोठं, कोणाचं छोटं. साडीचं पोत बघावं तशी पानं चोळून बघत होत्या. बघता बघता ओळ संपली. जेसीबीच्या ड्रायव्हरलासुद्धा गुलमोहर मिळाला.

सगळे जेवायला वळले. दत्ता खड्ड्यांपाशी एकटा उभा होता. आबा तिकडे गेले. मी आणि बायको रोप घेऊन जवळच होतो, म्हणून ऐकलं.

"म्हंजे माझं दिलेलं नकोच तुमाला," दत्ता म्हणाला.

"घेतलं की. सगळ्यांच्या समोर घेतलं."

"आन् वाटून टाकलं."

"तुझी आई आहेरातलं एक तरी लुगडं कपाटात ठिवायची का? आज आलं, उद्या गेलं. तिला कोण म्हणलं का, तुला नको हुतं?"

दत्ताने पायाने मातीचं एक ढेकूळ लोटलं.

"दत्ता, ह्या उतारावर हरणी बाळंतीण हुती. तिला आडोसा चालत न्हाय, लांबचं दिसाय लागतंय. झाडं लावली असती तर ती हितनं गेली असती."

"हे आधी सांगायचं हुतं."

"तू आधी कवा आलास?"

"तुमी कवा बोलावलं?"

आबांची चादर एका खांद्यावरून घसरली होती, ती त्यांनी सावरलीही नाही. मग म्हणाले, "खड्डं बुजवायचं हायेत. ये."

ड्रायव्हर म्हणाला, "आबा, मी बकेटनं दोन मिंटात वढतो माती." आबांनी त्याला हातानेच थांबवलं. बापलेक खाली बसले. दत्ता माती लोटत होता, आबा गवताची ढेकळं मुळं खाली, पाती वर अशी एकेक करून बसवत होते आणि तळव्याने दाबत होते. दत्ताचा नवा सदरा कोपरापर्यंत मातीने भरला. मी मदतीला निघालो तर बायकोने माझी बाही धरली. "राहू द्या. जिलबी खा."

पुढे पावसाने ओढ दिली आणि बसवलेलं गवत पिवळं पडायला लागलं. आबा आता कळंबलाच मुलाकडे राहतात. पण ते तिकडे जाण्याआधीचा एक रविवार मला चांगला आठवतो. पाऊस लागल्यावर आमचे रविवार सुटले होते, तरी सवयीने आम्ही माळावर चक्कर मारायला गेलो होतो. बघतो तर उतारावर टँकर उभा, आणि गडी नव्हे, दत्ता स्वतः नळी धरून त्या बुजवलेल्या खड्ड्यांवर पाणी सोडत होता. भोवती मैलभर वाळलेला माळ आणि हा माणूस गवताला पाणी पाजतोय.

वनरक्षक मॅडमही आमच्याबरोबर होत्या, त्यांना हसू आवरेना. "अहो, माळाचं गवत आहे ते. त्याला कोणी पाणी घालतं का?"

"आमच्याकडं लावल्याल्याला पाणी घालत्यात," दत्ता म्हणाला.

तेव्हा आम्हाला आबाही दिसले. ते टँकरच्या मागच्या बाजूला होते, नळीचं दुसरं टोक धरून. चादर नव्हती, पांढरा सदरा ओला झाला होता.

"बास झालं, दत्ता. कुजंल."

"थोडं राहिलंय कडेला."

"बरं. घाल."

पाणी संपलं. दत्ताने नळी गुंडाळून टँकरवर टाकली आणि ट्रॅक्टरवर चढता चढता, बापाकडे न बघता विचारलं, "म्होरल्या रविवारी येऊ का?"

"इचारतोस काय," आबा म्हणाले. "बोलावतोय की मी."